न गेलेल्या गाडीचे डबे

बाबांची वही सुरक्षा कचेरीतून परत मिळाली, माझ्यावरचा हेरगिरीचा संशय फिटला, आणि बाबा ताईच्या आठव्या मजल्यावर राहायला न जाता आमच्याच मागच्या गॅलरीत राहिले. गोष्टीचा शेवट असा गोड आहे.

आता खरं सांगायचं तर यातलं काहीच घडलेलं नाही. तसं मी लिहून दिलं आहे. दोन प्रतींत, प्रत्येक पानावर सही करून. 'सोळा तारखेस दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कोणतीही गाडी गेली नाही, ती मी पाहिली नाही, आणि जी मी पाहिली नाही तिचे डबे मी मोजले नाहीत,' अशी त्यातली मधली ओळ आहे. इतकं भरीव नकारार्थी वाक्य मी आयुष्यात दुसऱ्या कशाखाली सही करताना वाचलेलं नाही. तेव्हा पुढचं सगळं घडलं नाही असं धरून वाचावं. वाचून झाल्यावर वाचलंच नाही असं धरलंत तरी माझी हरकत नाही. माझ्या लिखाणाबाबत ती सवय पुष्कळांना आहे.

आमचं घर डोंगराच्या कुशीत आहे. कुशीत म्हणजे, डोंगराने झोपेत कूस बदलली तर आम्ही खाली. पुढच्या खोलीतून रस्ता दिसतो आणि मागच्या गॅलरीतून दरी. दरीच्या पलीकडे, बरोबर आमच्या डोळ्यांच्या उंचीवर, रेल्वेचा रूळ आहे. गाडी डावीकडच्या बोगद्यातून बाहेर येते, दगडी कठड्याच्या पुलावरून हळूहळू चढते आणि उजवीकडच्या बोगद्यात शिरते. पुढे दोन इंजिनं ओढतात, मागून एक ढकलतं. तिघं मिळूनही ती अशा चालीने जाते, की घरात कुणीतरी गाडी आल्याची हाक दिली, तर चहाचा कप धुऊन, पुसून, जागेवर ठेवून गॅलरीत आलं तरी अर्धी गाडी शिल्लक असते.

बाबांनी बटणांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मोजणी तपासली. एका डब्यात एकशे चव्वेचाळीस बटणं. बाबा डबा कानाशी धरून हलवायचे आणि सांगायचे, "एकशे त्रेचाळीस." उघडून मोजलं की एकशे त्रेचाळीसच. ही हकीकत मी लहानपणापासून ऐकत आलो आणि लहानपणापासून तिच्यावर विश्वास ठेवला नाही. बाप स्वतःबद्दल जे सांगतो त्यातून दहा टक्के वजा करायचे, हा मी स्वतःपुरता ठरवलेला दर आहे.

गेल्या वर्षापासून बाबा विसरायला लागले. केस कापून परत येताना वळण चुकले आणि शाळेच्या पटांगणात जाऊन बसले. एकदा शेगडीवर दूध ठेवलं आणि ते पाहायला म्हणून गॅलरीत गेले. ताईला त्यांनी दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली. ताईने पहिल्यांदा 'ओ' दिली. दुसऱ्यांदा ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला रोज काहीतरी ठरावीक काम द्या. मी म्हटलं, "बाबा, मालगाड्या मोजू या." बाबा म्हणाले, "कुणाच्या वतीने?" एकतीस वर्षं कुणाच्या तरी वतीने मोजलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. मी म्हटलं, माझ्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि ग्राहक किरकोळ असला तरी नकार द्यायची पद्धत नसल्यामुळे होकार दिला.

मी पाणीपुरवठा खात्यात मीटरचे आकडे उतरवून आणतो. पहाटेची पाळी असते, दुपारी दोनला मी घरी. तीन ते सहा या वेळात चार-पाच मालगाड्या जातात. कोळसा, सिमेंट, तेलाच्या टाक्या. एका वहीत दोन रकाने आखले, बाबांचा आणि माझा. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून, डोळे ताणून मोजायचो. बाबा वेताच्या खुर्चीत बसून डोळे मिटायचे, गाडी गेली की उघडायचे आणि आकडा सांगायचे. मी मनात म्हणायचो, डुलकी काढून माणूस आकडा सांगतो आणि तो जुळतो, म्हणजे नशीब तरी केवढं.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ताई आली. तिने वही पाहिली, बाबांना खुर्चीत पेंगताना पाहिलं, आणि मला पुढच्या खोलीत बोलावून दार लोटलं.

"हे बघ. तू दुपारपर्यंत घरात नसतोस. त्या शेगडीवर दुधाऐवजी तेल असतं तर?"

"ताई, पण त्यांना इथून काढलं तर..."

"मला हौस आहे का? माझ्याकडे दिवसभर कुणी ना कुणी घरात असतं. लिफ्ट आहे. खाली बाग आहे."

"गाड्या नाहीत."

"गाड्या नाहीत," ती म्हणाली आणि तिने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "एक महिना देते. बाबांचे आकडे तू स्वतः पडताळ. महिन्यात पाच चुका मलाही होतात, त्या माफ. सहावी झाली की बाबा माझ्याकडे. आणि तू लबाडी करायची नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली. ताईसमोर घेतलेली शपथ मोडता येत नाही. लहानपणी एक मोडली होती, तिचं व्याज अजून चालू आहे.

पहिला आठवडा दोन्ही रकाने जुळ्या भावंडांसारखे शेजारी शेजारी उभे होते. मी ताईला फोनवर आकडे वाचून दाखवायचो आणि तिचा आवाज रोज थोडा हलका व्हायचा. आठव्या दिवशी पहिली झाकलेली गाडी आली.

झाकलेली म्हणजे, सपाट डब्यांवर ताडपत्रीखाली काहीतरी. त्या काहीतरीला पुढे लांब नळी होती आणि प्रत्येक चार-पाच डब्यांनंतर एक गणवेशातला जवान कंटाळून बसला होता. ताडपत्री घालण्यामागे गुप्ततेचा हेतू असावा. पण पलंगपोस घातला म्हणून कुणी पलंगाला कपाट म्हणत नाही.

"तेवीस," मी म्हटलं.

"सव्वीस," बाबा डोळे उघडून म्हणाले.

पहिली चूक. दोन दिवसांनी दुसरी झाकलेली गाडी: माझे तेवीस, बाबांचे पंचवीस. कोळशाच्या, तेलाच्या गाड्या अचूक जुळत होत्या. झाकलेली आली की बाबांना जास्तीचे डबे दिसायचे. मिटल्या डोळ्यांना.

तिसऱ्या झाकलेल्या गाडीला माझे बावीस झाले. बाबा म्हणाले, "चोवीस." मी खाली मान घालून माझ्या रकान्यात चोवीस लिहिलं. शपथ मोडली ती अशी, निळ्या शाईत.

बाबांनी वही हातात घेतली. "तुझे बावीस होते."

"चोवीस होते बाबा."

"तू मोजताना कठड्यावर बोट आपटतोस. बावीस वेळा वाजलं." त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "कारखान्यात एकाने माझी दया येऊन माझा डबा न मोजताच 'बरोबर' असा शेरा मारला होता. मी तो उघडून मोजला. बटणं बरोबरच होती, पण मला मात्र त्यानंतर महिनाभर कुणी चुकलास असं सांगेना. असं करू नकोस माझं. खोड ते."

मी खोडलं. बावीस लिहिलं. तिसरी चूक. त्या वेळी मला एवढंच समजलं की माझ्या वडिलांना माझी दया नको आहे. डोळे मिटून बसलेल्या माणसाला माझं बोट बावीसदा वाजलेलं कळलं, यात काही विशेष आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी हुशार आहे, पण ती हुशारी बातमीसारखी आहे, घटना घडून गेल्यावर येते.

चौथ्या झाकलेल्या गाडीला माझे वीस, बाबांचे बावीस. आणि सोळा तारखेला ती गाडी गेली, म्हणजे गेली नाही: माझे अठ्ठावीस, बाबांचे एकतीस. पाच चुका पुऱ्या. महिन्याचे चौदा दिवस शिल्लक आणि हातात एकही चूक नाही.

त्या संध्याकाळी मी जिन्यात बसलो होतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, त्या कोर्टात टंकलेखक होत्या. त्यांचा जगातल्या एकाच गोष्टीवर विश्वास आहे, तो म्हणजे अर्ज. त्यांनी दार उघडून विचारलं, "काय रे, कोण गेलं?"

मी सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "वेडा आहेस. तू म्हणतोस अठ्ठावीस, ते म्हणतात एकतीस. तिसरा पुरावा कुठाय? तुझं मोजणं बरोबर हे कुणी ठरवलं?"

"काकू, मी मीटरचे आकडे घेतो."

"म्हणूनच म्हणतेय. आमचं बिल आठवतंय मला." त्या आत जाऊन यंत्रासमोर बसल्या. "रेल्वेकडे प्रत्येक गाडीची यादी असते. अर्ज करायचा. तीन प्रती. सांग तारखा."

इथे मी थांबायला हवं होतं. शहाण्या माणसाने विचार केला असता, की लष्कराच्या गाड्यांना नेमके किती डबे होते हे सरकारला लेखी विचारू नये. पण आमच्या घरात तीन पिढ्या असा समज आहे, की प्रश्न कुठलाही असो, तो योग्य समासात टंकलिखित असला की त्याचा राग येत नाही.

काकूंनी विषय टाइप केला: 'लष्करी गाड्यांच्या डब्यांची अचूक संख्या मिळणेबाबत.' मी म्हटलं, "'लष्करी' काढू या का?" त्या म्हणाल्या, "विषय संदिग्ध ठेवला की अर्ज फाइलला लागतो." अर्जात शेवटी 'माहितीचा उद्देश' असा एक रकाना होता. बराच खल झाला. 'वैयक्तिक' म्हटलं तर स्वार्थी वाटतं, 'संशोधन' म्हटलं तर खोटं. अखेर काकूंनी लिहिलं: 'उद्देश: घरगुती.'

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे चित्रकलेचे मास्तर जिना उतरत होते. त्यांनी अर्ज वाचला आणि नाक मुरडलं. "नुसत्या आकड्यांचा तक्ता? साहेब लोकांची नजर ठरत नाही हो अशावर." ते वर गेले आणि तासाभराने रंगीत तक्ता घेऊन आले. कोळशाच्या गाड्या काळ्या, तेलाच्या तांबड्या, झाकलेल्या हिरव्या. समासात त्यांनी पुलाचं दृश्य काढलं होतं, दोन्ही बोगद्यांसह. आणि ताडपत्री काढली तर आत काय असेल, तेही कल्पनेने काढलं होतं. उत्तर दिशेचा बाण होता.

मी तिघांनाही धन्यवाद दिले. तिसरं मी स्वतःला. दुसऱ्या दिवशी अर्ज नेऊन दिला आणि पोच घेतली.

सरकारी उत्तराला वेळ लागतो असं म्हणणाऱ्यांनी हा विषय एकदा वापरून पाहावा. पाचव्या दिवशी साध्या कपड्यातले दोन इसम आमच्या दारात उभे होते. त्यांनी बूट बाहेर काढले, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्यांनी गॅलरी पाहिली, खुर्ची पाहिली, बाबांना नमस्कार केला, वही ताब्यात घेतली, आणि पाठोपाठ मलाही.

सुरक्षा कचेरी स्टेशनच्याच इमारतीत आहे. फलाटाच्या टोकाला एक खोली, एक टेबल, एक कपाट, आणि खिडकीबाहेर रूळ. साहेब मध्यमवयीन होते आणि त्यांना सर्दी झाली होती. समोर माझा अर्ज, तिन्ही प्रती. मास्तरांचा तक्ता त्यांनी काचेखाली ठेवला होता. तो पुरावा म्हणून की आवडला म्हणून, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"कुणासाठी काम करता?"

"पाणीपुरवठा खात्यासाठी."

"हे आकडे कुणाला पुरवता?"

"ताईला."

त्यांनी लिहून घेतलं, 'ताई', आणि पुढे कंसात 'टोपणनाव'. "कसे पुरवता?"

"फोनवर. रोज संध्याकाळी."

"ही ताई असते कुठे?"

"आठव्या मजल्यावर."

साहेबांनी शिंक आवरली. "आकडे चुकले तर?"

"पाच वेळा माफ आहे."

"आणि सहाव्यांदा?"

"सहाव्यांदा ती येऊन बाबांना घेऊन जाणार."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग उठून दार लावलं आणि अगदी हळू आवाजात, आपुलकीने म्हणाले, "घाबरू नका. असे लोक आम्ही पुष्कळ पाहिलेत. तुम्ही फक्त खरं सांगा, तुमच्या वडिलांना काही होऊ देणार नाही."

मला गहिवरून आलं. ताईबद्दल इतक्या सहानुभूतीने माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

गैरसमज दूर व्हायला सव्वा तास लागला. तो झाल्यावर साहेब हसलेसुद्धा. मग सहज म्हणून त्यांनी कपाटातून एक यादी काढली, स्वतःच्या अंगाकडे वाकवून धरली, आणि आमच्या वहीशी ताडून पाहू लागले. पहिली झाकलेली गाडी. दुसरी. तिसरी. त्यांचं हसू एकेका ओळीला उतरत गेलं.

"हा उजवा रकाना कुणाचा?"

"माझा."

"तो राहू द्या," ते ज्या स्वरात म्हणाले, तो स्वर मी विसरलेलो नाही. "हा डावा?"

"बाबांचा."

"हे आकडे तुमच्या वडिलांना कुणी दिले?"

"कुणी नाही. ते डोळे मिटून सांगतात."

झालं. संशय माझ्यावरून उठला तो थेट बाबांवर जाऊन बसला. माणूस हेर ठरला नाही याचा आनंद व्हायला हवा. पण 'तुमच्या आकड्यांचा कुणाला काही उपयोग नाही' या कारणाने मुक्त होणं मनाला लागतं. साहेबांनी फर्मावलं: तीस तारखेला वडील हजर करा. आणि ती ताई.

ताई आली ती गाडीतून उतरून थेट. तिने फलाटावर मला पाहिलं आणि म्हणाली, "मी तुला वहीत आकडे लिहायला सांगितले होते. सैन्याला पत्र लिहायला सांगितलं होतं?"

"सैन्याला नाही, रेल्वेला."

"गप्प."

बाबांनी कारखान्यात निरोपसमारंभाला घातलेला कोट घातला होता. ते साहेबांसमोर बसले आणि म्हणाले, "कुणाच्या वतीने मोजायचं आहे?"

साहेब गोंधळले. "काका, मला फक्त सांगा, हे आकडे कुठून आणलेत?"

"पुलाच्या शेवटी रुळाला सांधा आहे," बाबा म्हणाले. "डबा गेला की चाकांच्या चार जोड्या वाजतात. दोन, आणि जरा थांबून दोन. इंजिनं जड वाजतात, ती सोडायची. गार्डाचा डबा हलका, तो सोडायचा. बटणांना तर सांधासुद्धा नव्हता."

मी बाबांकडे पाहत होतो. बटणांच्या हकीकतीतून मी लहानपणापासून वजा केलेले दहा टक्के मला तिथल्या तिथे परत करावेसे वाटत होते.

"बघायचं का?" बाबा म्हणाले.

घाटाखालच्या स्टेशनवरून मालगाडी सुटल्याची वर्दी आलीच होती. साहेबांनी तिची यादी मागवून स्वतःच्या हाताखाली पालथी ठेवली. बाबांनी डोळे मिटले. "इथला सांधा वेगळा आहे. पहिल्या दोन डब्यांना कान बसू दे." ताई त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. गाडी आली. खिडकीच्या काचा थरथरल्या, साहेबांचा चहा बशीत उतरला. मी बोटं खिशात घालून ठेवली.

गाडी गेली. बाबांनी डोळे उघडले. "बावन्न."

साहेबांनी यादी उलटली. तिच्याकडे पाहिलं. परत पाहिलं. मग ती हळूच आमच्याकडे फिरवली. खाली ठळक आकडा होता: त्रेपन्न.

ताईने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे बाबा," ती म्हणाली. "खूप छान मोजलंत." इतकी वर्षं तिच्याशी भांडतोय, पण तिने ते ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून कळलं की हा महिना तिने माझ्यापेक्षा जास्त मनापासून मोजला होता. सहावी चूक झाली होती आणि तिचेच डोळे भरून आले होते.

"बावन्नच आहेत," बाबा म्हणाले. ते चिडले नव्हते. बटणाचा डबा टेबलावर ठेवून 'उघडा' म्हणावं, तसे म्हणाले.

साहेब यादीकडे पाहत राहिले. मला वाटतं त्यांच्याही घरी कुणीतरी म्हातारं माणूस असावं. कारण त्यांना फोन करायची काही गरज नव्हती. कागद त्यांच्या बाजूचा होता. तरी त्यांनी फोन उचलला आणि खालच्या स्टेशनला विचारलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "मग यादीत दुरुस्ती कोण करणार? मी?" आणि फोन ठेवला.

"खाली एका डब्याच्या चाकाचा आस तापला होता," ते म्हणाले. "काढून बाजूला ठेवला. यादी तशीच वर पाठवली."

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे बावन्न."

ताई मटकन बाकावर बसली आणि रडता रडता हसायला लागली. बाबा साहेबांना म्हणाले, "त्रेपन्नचा शेरा कुणी मारलाय त्याला बोलवा एकदा. रागावू नका. नुसतं दाखवा."

आता कचेरीपुढे पेच उभा राहिला. झाकलेल्या गाड्यांचे आकडे गुप्त. ते एका निवृत्त माणसाच्या कानात आलेले, आणि कान जप्त करायची तरतूद नाही. साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि तोड काढली: मुळात त्या पाच गाड्या गेल्याच नाहीत. न गेलेल्या गाडीचे डबे मोजणं हा गुन्हा नाही. मी ते सुरुवातीला सांगितलेलं पत्र लिहून दिलं आणि वही परत मिळाली. त्या पाच नोंदींवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर सहीशिक्क्यासह लिहिलं होतं: 'गेली नाही.'

निघताना मी साहेबांना विचारलं, "एक शंका. माझे डबे दर वेळी कमी का भरले?"

"कुठल्या गाडीचे?"

"न गेलेल्या."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पुलाच्या कठड्यामागे काय असतं, तुम्हाला तुमच्या गॅलरीतून दिसतं?"

"नाही."

"रिकामा सपाट डबा किती उंच असतो, माहीत आहे?"

"नाही."

"उत्तम," ते म्हणाले आणि माझ्याशी हात मिळवला.

ताईने वही घरी बसून तपासली. पट्ट्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "गाड्या गेल्याच नाहीत, म्हणजे चुका किती?" मी म्हटलं, "शून्य." ती म्हणाली, "शेगडी मात्र बदलायची. आपोआप बंद होणारी." आणि ती स्वतःच घेऊन आली. काकू आता सकाळी बाबांपाशी येऊन बसतात आणि अर्ज करण्याजोगं जगात काय काय आहे ते सांगतात. केस कापायला मास्तर सोबत नेतात, त्यांना डोक्यावर कापण्याजोगं काही नसताना. मी या सगळ्यांचा ऋणी आहे. साहेबांचा सर्वात जास्त. पण जे घडलं नाही त्याबद्दल आभार कसे मानायचे हे मला कळत नाही, म्हणून ते इथे मानून घेतो. बाबा कधी कधी माझ्याकडे पाहून म्हणतात, "पाच गाड्या, एकशे अठ्ठावीस डबे." पट्ट्या त्यांच्या वहीवर आहेत, कानावर नाहीत.

हे सगळं लिहायचं कारण गेल्या गुरुवारचं आहे. चार-दहाची गाडी, कोळशाची, उंच उंच डबे, कठड्यामागे लपण्यासारखं काही नाही. बाबा म्हणाले, "पंचेचाळीस." माझे चव्वेचाळीस होते. मी वरच्या मजल्यावर मास्तरांना विचारलं, त्यांचेही चव्वेचाळीस. मी खालच्या स्टेशनला फोन केला. तिथे आता यादी दोनदा तपासतात, एका म्हाताऱ्याच्या धाकाने. चव्वेचाळीस.

"तुझे किती?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, लिहितो, शाई संपलीय. माझा रकाना अजून कोरा आहे. चव्वेचाळीस लिहायला हात होत नाही आणि पंचेचाळीस लिहिलेलं त्यांना चालत नाही. तेव्हा काकूंना मध्ये न घेता, पुढील अर्ज मी स्वतः, तीन प्रतींत, सादर केला आहे:

'विषय: मालगाडीस एक डबा जोडून मिळणेबाबत. महोदय, गेल्या गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरासमोरून गेलेल्या मालगाडीस चव्वेचाळीस डबे असल्याचे आपल्या यादीवरून दिसते. सदर यादीबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तथापि अर्जदाराचे वडील कधीही चुकत नसल्याने, सदर गाडीस पूर्वलक्षी प्रभावाने एक डबा जोडण्यात यावा, ही नम्र विनंती. डबा कोणताही चालेल. रिकामा व सपाट असल्यास उत्तम, म्हणजे तो केवळ मला दिसला नाही, असे मला म्हणता येईल. उद्देश: घरगुती.'